भास्कराचार्य

जळगाव जिल्ह्यात चाळीसगावच्या दक्षिणेस डोंगरांच्या कुशीत पाटण नावाचे एक जुने स्थान आहे. तेथील देवीला आसपासचे लोक पाटणादेवी म्हणतात. नवरात्रात आणि यात्रेच्या दिवसांत तेथे भाविकांची गर्दी लोटते. एरव्ही झाडी, ओढे आणि पाखरांचे आवाज एवढाच काय तो तेथला गलबला. एकोणिसाव्या शतकात मुंबईचे विद्वान डॉक्टर भाऊ दाजी लाड यांनी या पाटणच्या देवळातील एक शिलालेख वाचून प्रसिद्ध केला. त्यात कोणा राजाच्या लढायांपेक्षा एका घराण्याच्या विद्येचीच थोरवी अधिक सांगितली आहे. पिढ्यानपिढ्या गणित आणि ज्योतिष यांचा व्यासंग करणारे हे घराणे म्हणजे भास्कराचार्यांचे घराणे होय.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मध्ये, म्हणजे इ. स. १११४ मध्ये झाला. हे साल अंदाजाने ठरवावे लागत नाही, कारण त्यांनी ते आपल्या ग्रंथात स्वतःच नमूद करून ठेवले आहे. आपल्याकडील जुन्या ग्रंथकारांत असा नेमकेपणा विरळाच. सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेल्या विज्जडविड या गावी आपले वडील महेश्वर राहत होते, असेही त्यांनी लिहिले आहे. हे गाव कोणते याविषयी विद्वानांत एकमत नाही. कोणी ते पाटणच्या परिसरात शोधतात, कोणी बीडकडे बोट दाखवतात, तर कोणी विजापूरकडे. मात्र भास्कराचार्यांचे पुत्र लक्ष्मीधर यांना यादव राजा जैत्रपाल याने याच नगरातून आपल्याकडे नेले, असे पाटणचा शिलालेख सांगतो. त्यामुळे या घराण्याचे पाटणशी नाते होते, हे निश्चित.

महेश्वर हे स्वतः चांगले ज्योतिषी होते. भास्कराचार्यांना दुसरा गुरू शोधण्यासाठी दूरदेशी जावे लागले नाही. वडीलच त्यांचे गुरू झाले. त्या काळी आजच्यासारखे कागद आणि वह्या नव्हत्या. फळीवर धूळ पसरून तिच्यावर बोटाने किंवा काडीने आकडे काढायचे, ते पुसायचे आणि पुन्हा काढायचे, अशी गणित करण्याची पद्धत होती. फळी ती केवढी! मोठमोठे आकडे तिच्यावर मावत नसत, आणि एक आकडा पुसताना चुकला तर मागचे सारे श्रम वाया जात. म्हणून गणित करण्यापूर्वी संख्या शक्य तितक्या लहान करून घेण्याला फार महत्त्व होते. अपूर्णांकाचा अंश वर आणि छेद खाली लिहीत. मधली आडवी रेघ तेव्हा काढीत नसत. अंश आणि छेद या दोहोंना एकाच संख्येने भागून अपूर्णांक लहान करण्याच्या क्रियेला अपवर्तन म्हणत. आज आपण ज्याला संक्षेप देणे म्हणतो, तेच हे अपवर्तन.

वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे इ. स. ११५० मध्ये, भास्कराचार्यांनी सिद्धान्तशिरोमणी हा आपला महान ग्रंथ पूर्ण केला. त्याचे चार भाग आहेत. लीलावतीत अंकगणित व भूमिती, बीजगणितात अज्ञात राशींचे गणित, ग्रहगणितात ग्रहांच्या गतीचे हिशेब आणि गोलाध्यायात पृथ्वी व आकाश यांचे वर्णन आहे. ब्रह्मगुप्त, श्रीधर, पद्मनाभ यांच्यासारख्या मोठ्या गणित्यांनी त्यांच्यापूर्वी बीजगणितावर लिहिलेच होते. परंतु ते ग्रंथ फार विस्तृत आहेत, विद्यार्थ्यांना त्यांतून वाट सापडणे कठीण जाते, असे भास्कराचार्यांना वाटले. म्हणून त्यांनी त्या सर्वांतील सार काढले, त्यात आपली भर घातली आणि ते सुटसुटीत नियमांत मांडले. हे नियम श्लोकबद्ध आहेत. तोंडपाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला तीच मोठी सोय होती.

लीलावती हा या चारांत सर्वांत लोकप्रिय झालेला भाग. लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी होती, तिच्या लग्नाची शुभ घटिका चुकली आणि तिच्या समाधानासाठी वडिलांनी हा ग्रंथ रचला, अशी एक हृदयस्पर्शी कथा सर्वत्र सांगितली जाते. अकबर बादशहाच्या आज्ञेवरून फैजी या कवीने इ. स. १५८७ मध्ये लीलावतीचे फारसी भाषांतर केले. त्या भाषांतराच्या आरंभी ही कथा येते. मूळ ग्रंथानंतर चारशेहून अधिक वर्षांनी आलेली ही गोष्ट इतिहास म्हणून स्वीकारणे अवघड आहे. तथापि, या ग्रंथातील उदाहरणे कधी एखाद्या बालिकेला, कधी मित्राला उद्देशून विचारलेली आहेत, आणि ती रचताना शिकणाऱ्याचा चेहरा लेखकाच्या डोळ्यांसमोर होता, हे मात्र पानोपानी जाणवते.

या उदाहरणांत कमळे आहेत, भुंगे आहेत, हंस आहेत, मोर आणि साप आहेत. भुंग्यांच्या एका थव्याचा पाचवा भाग कदंबाच्या फुलांवर गेला, तिसरा भाग दुसऱ्या एका फुलझाडावर गेला, या दोन भागांतील अंतराच्या तिप्पट भुंगे कुड्याच्या फुलांकडे गेले आणि एकच भुंगा दोन सुगंधांच्या ओढीने हवेत घिरट्या घालीत राहिला, तर थव्यात भुंगे किती? उत्तर पंधरा. तीन, पाच, सहा आणि एक मिळून पंधरा होतात.

अपूर्णांकांच्या संक्षेपाचे एक उदाहरण तर मोठे गमतीचे आहे. एका कंजूष माणसाकडे याचक आला. कंजुषाने त्याला एका द्रम्माच्या निम्म्याच्या दोन तृतीयांशाच्या तीन चतुर्थांशाच्या एक पंचमांशाच्या एक षोडशांशाचा एक चतुर्थांश एवढे दान दिले. ऐकताना वाटते, केवढे मोठे दान हे! आता हिशेब करून पाहावा. १/२, २/३, ३/४, १/५, १/१६ आणि १/४ या सर्वांचा गुणाकार करावयाचा आहे. सरळ गुणाकार केला तर वर ६ आणि खाली ७६८० येतात. परंतु आधीच नीट पाहिले तर पहिल्या अपूर्णांकाच्या छेदातील २ दुसऱ्याच्या अंशातील २ शी, आणि दुसऱ्याच्या छेदातील ३ तिसऱ्याच्या अंशातील ३ शी कटतात. पहिले तीन अपूर्णांक मिळून केवळ १/४ उरतो. पुढे ४, ५, १६ आणि ४ यांचा गुणाकार केला की उत्तर १/१२८० असे येते. त्या काळी एका द्रम्माचे १६ पण, एका पणाच्या ४ काकिणी आणि एका काकिणीच्या २० कवड्या होत असत. १६, ४ आणि २० यांचा गुणाकारही १२८०च होतो. म्हणजे एवढ्या लांबलचक शब्दांच्या शेवटी त्या बिचाऱ्या याचकाच्या हातावर पडली फक्त एक कवडी!

वर्तुळाचा परीघ काढण्यासाठी भास्कराचार्यांनी दोन गुणोत्तरे दिली. रोजच्या व्यवहारासाठी २२/७ आणि सूक्ष्म कामासाठी ३९२७/१२५०. त्यांच्याआधी सहाशेहून अधिक वर्षे आर्यभटाने परीघाचे मान सांगितले होते, ते वीस हजार व्यासाला ६२,८३२ परीघ असे. या दोन्ही संख्यांना १६ ने भागून पाहावे. ३९२७ आणि १२५० या संख्या मिळतात आणि त्यांना १ वाचून दुसरा सामाईक भाजक राहत नाही. मोल तेच, पण पाटीवरचा भार किती हलका झाला! याच गुणोत्तराशी मिळता असा पृथ्वीचा व्यास आणि परीघ त्यांनी योजनांत दिला आहे. पृथ्वी गोल आहे आणि तिच्या अंगी आकर्षणशक्ती असल्यामुळे जड वस्तू तिच्याकडे ओढल्या जातात, हेही त्यांनी गोलाध्यायात स्पष्ट लिहिले आहे.

आता बीजगणिताकडे वळू. अज्ञात राशीसाठी आज आपण क्ष लिहितो. भास्कराचार्य तिला यावत्तावत् म्हणत आणि लिहिताना नुसते या एवढे अक्षर लिहीत. दोन, तीन किंवा अधिक अज्ञात राशी असल्या तर त्यांना ते कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे देत. ऋण संख्येच्या माथ्यावर एक टिंब देत. ऋण म्हणजे कर्ज, हा त्यांचा अर्थ शब्दशः होता. एका माणसाकडे ३०० नाणी व ६ घोडे आहेत. दुसऱ्याकडे १० घोडे आहेत, पण त्याच्या डोक्यावर १०० नाण्यांचे कर्ज आहे. दोघांची संपत्ती सारखी असेल तर घोड्याची किंमत काय, असे एक उदाहरण त्यांनी घातले आहे. ६क्ष + ३०० = १०क्ष − १००, म्हणून ४क्ष = ४०० आणि घोड्याची किंमत १०० नाणी.

पण विद्यार्थी जेथे हमखास अडखळतात ती जागा निराळी आहे, आणि तिच्याविषयी भास्कराचार्यांनी घेतलेली काळजी पाहण्यासारखी आहे. कुट्टक नावाच्या प्रकरणात त्यांनी असे विचारले आहे: कोणत्या पूर्ण संख्येने २२१ ला गुणून त्यात ६५ मिळवले असता येणाऱ्या संख्येला १९५ ने निःशेष भाग जाईल? आजच्या पद्धतीने हे अंशस्थानी २२१क्ष + ६५ आणि छेदस्थानी १९५ असे लिहिता येईल. भास्कराचार्य सांगतात की, प्रथम अपवर्तन करावे. २२१ आणि १९५ यांचा महत्तम सामाईक भाजक काढण्यासाठी ते मोठ्या संख्येला लहानीने भागतात, आलेल्या बाकीने लहानीला भागतात आणि असे करीत शेवटच्या निःशेष भाजकापर्यंत पोहोचतात. १९५ ने २२१ ला भागल्यास बाकी २६. २६ ने १९५ ला भागल्यास बाकी १३. १३ ने २६ ला निःशेष भाग जातो. म्हणून १३ हा तो भाजक. १३ ने २२१ चे १७ होतात, १९५ चे १५ होतात, आणि ६५ चे ५ होतात. आता प्रश्न किती सोपा झाला! १७क्ष + ५ ला १५ ने भाग जावयाचा. क्ष च्या जागी ५ घेतले की ९० होतात आणि भागाकार ६ येतो. मूळ संख्यांत पडताळा घेतला तरी ११७० ला १९५ ने भागून ६च मिळतात.

येथे घाई करणारा विद्यार्थी काय करील? तो २२१ आणि १९५ यांनाच १३ ने भागील आणि ६५ ला तसेच ठेवील. मग क्ष च्या जागी ५ घेतले तर १७ पंचे ८५ आणि ६५ मिळून १५० होतात, त्यांना १५ ने भागले की उत्तर १० येते. उत्तर पूर्ण येते, दिसायलाही चांगले दिसते, आणि तरीही ते साफ चुकीचे असते. अंशस्थानी बेरीज असली म्हणजे तिच्यातील प्रत्येक पदाला भाजकाने भागले पाहिजे. एकाला भागून दुसऱ्याला सोडता येत नाही. भास्कराचार्यांनी याच्याही पुढे जाऊन सांगितले आहे की, भाज्य आणि भाजक यांना ज्या संख्येने भाग जातो तिने क्षेपाला, म्हणजे वरून मिळवलेल्या संख्येला, भाग जात नसेल तर तो प्रश्नच दुष्ट, म्हणजे सदोष समजावा. ६५ च्या जागी ६६ असते तर कितीही शोधले तरी पूर्ण संख्येत उत्तर सापडले नसते. कारण २२१ ची कोणतीही पट १३ ची पट असते, १९५ चीही असते, आणि ६६ मात्र नाही.

संक्षेपाच्या वाटेवर आणखी एक खड्डा आहे, तो शून्याचा. या खड्ड्याच्या अगदी काठापर्यंत भास्कराचार्य जाऊन आले. कोणत्याही संख्येला शून्याने भागले असता येणाऱ्या राशीला त्यांनी खहर असे नाव दिले, आणि तिच्यात काही मिळवले किंवा तिच्यातून काही वजा केले तरी ती अनंत परमेश्वरासारखी अविकारी राहते असे मानले. लीलावतीत त्यांनी असा प्रश्न घातला आहे: एका संख्येला शून्याने गुणले, त्यात त्याचेच निम्मे मिळवले, आलेल्या राशीला ३ ने गुणून शून्याने भागले, तेव्हा ६३ आले, तर ती संख्या कोणती? त्यांचे उत्तर १४ आहे. पुढे शून्यानेच भागावयाचे असल्यास गुणक शून्य लगेच उरकून टाकू नये, तो तसाच बाजूला जपून ठेवावा आणि शेवटी शून्याशी शून्य काटावे, असा त्यांचा नियम. १४ आणि ७ मिळून २१, त्याची तिप्पट ६३.

आजचे गणित हा संक्षेप मान्य करीत नाही. शून्याला ५ ने गुणले काय किंवा ७ ने गुणले काय, उत्तर शून्यच. दोन्ही बाजूंचे शून्य काटता येते असे म्हटले तर ५ आणि ७ सारखेच ठरतील! म्हणून शून्याने भागण्याला आज मज्जाव आहे, आणि बीजगणितात एखादा अवयव काटण्यापूर्वी तो शून्य नाही ना, हे पाहावे लागते. मग भास्कराचार्यांसारखा काटेकोर गणिती असा नियम का सांगतो? याच ठिकाणी त्यांनी लिहिले आहे की, या गणिताचा ग्रहगणितात मोठा उपयोग होतो. चंद्राची गती क्षणोक्षणी बदलते. दिवसभराच्या सरासरी गतीवरून तिथीची नेमकी वेळ काढता येत नाही. म्हणून अतिशय लहान काळात चंद्र किती अंतर कापतो, याचा विचार त्यांनी केला आणि तात्कालिक गतीची रीत दिली. अंतर आणि काळ दोन्ही लहान लहान होत शून्याकडे जात असतात, तरी त्यांचे गुणोत्तर मात्र निश्चित मूल्याकडे जाते. शून्याविषयीच्या त्यांच्या नियमामागे असाच काही विचार असावा, असे अनेक अभ्यासकांना वाटते. पुढे कित्येक शतकांनी युरोपात आणि केरळातही जे गणित वाढीस लागले, त्याची चाहूल या तात्कालिक गतीत लागते.

पूर्वसूरींविषयी त्यांच्या मनात आदर होता, पण चूक दिसली की ते ती सांगत. लल्ल नावाच्या ज्योतिषाने गोलाच्या पृष्ठफळाचा जो नियम दिला होता तो चुकीचा आहे, हे त्यांनी गोलाच्या पृष्ठाचे आवळ्याच्या फोडींसारखे भाग पाडून दाखवून दिले. परीघाला व्यासाने गुणल्यास गोलाचे पृष्ठफळ मिळते, हा बरोबर नियम त्यांनी दिला. दुसऱ्याच्या रीतीत अधिक नेटकेपणा आणणे हेही त्यांचे आवडीचे काम. चक्रवाल नावाची रीत जयदेव या पूर्वीच्या गणित्याला ठाऊक होती. भास्कराचार्यांनी ती सुबोध करून तिची कठीण उदाहरणे सोडवून दाखवली. ज्या संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला असता पुन्हा पूर्ण वर्गच मिळेल अशी संख्या कोणती? प्रश्न एका ओळीचा. परंतु सर्वांत लहान उत्तर २२,६१,५३,९८० हे आहे, आणि येणारा वर्ग १,७६,६३,१९,०४९ या संख्येचा आहे. प्रत्येक फेरीत छेद निःशेष तुटेल अशीच संख्या निवडायची, म्हणजे अपूर्णांक मागे लागत नाहीत, ही या रीतीतील खुबी. फ्रान्समधील फर्मा या गणित्याने इ. स. १६५७ मध्ये युरोपातील विद्वानांना हाच प्रश्न आव्हान म्हणून घातला. धुळीच्या पाटीवर तो पाचशे वर्षांपूर्वीच सुटला होता, हे त्या विद्वानांच्या गावीही नव्हते.

इ. स. ११८३ हे आरंभवर्ष धरून भास्कराचार्यांनी करणकुतूहल हा ग्रंथ रचला. तेव्हा ते एकोणसत्तर वर्षांचे होते. पंचांग करणाऱ्यांना लांबलचक गणिते टाळून ग्रहांची स्थाने झटपट काढता यावीत, यासाठी हा ग्रंथ होता. त्यांचे पुत्र लक्ष्मीधर जैत्रपालाच्या पदरी विद्वानांचे प्रमुख झाले, आणि लक्ष्मीधरांचे पुत्र चंगदेव हे सिंघण यादवाचे मुख्य ज्योतिषी झाले.

याच चंगदेवांनी पाटणला एक मठ स्थापन केला. आजोबांचे ग्रंथ शिष्यांना शिकवले जावेत, एवढ्यासाठी हा मठ होता. परंतु शिष्य जमले की त्यांना अन्न हवे, दिव्याला तेल हवे. त्या प्रदेशाचा निकुंभ वंशातील अधिपती सोइदेव याने इ. स. १२०७ मध्ये मठाला दान दिले आणि ते दगडावर कोरून ठेवले. शिलालेखाचा आरंभीचा मोठा भाग संस्कृतात आहे. त्यात राजांची आणि पंडितांची स्तुती आहे. शेवटच्या ओळी मात्र त्या वेळच्या मराठीत आहेत, कारण त्या बाजारातल्या माणसांना कळायला हव्या होत्या. पाटणच्या पेठेत जो माल विकला जाईल त्यावरील राजाच्या हिश्श्यातून मठाला काय मिळावे, तेलाच्या घाण्यामागे किती तेल द्यावे, हे त्या ओळींत लिहिले आहे. त्या मठात लीलावती शिकणाऱ्या मुलांच्या दिव्यात पाटणच्या तेल्यांचे तेल जळत होते.